चित्र नको, मूळ फाइल द्या : बी.एस्सी.च्या एका अंध विद्यार्थ्याचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर संगणकशास्त्र शिकवते. हे प्रकरण तिथलं. विद्यार्थ्याचं नाव, गाव आणि कॉलेज यांचा उल्लेख टाळलाय; तशी त्याचीच अट होती.

मुलगा कोरडवाहू कापूस-तुरीच्या घरातला. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. आधी रातांधळेपणा, मग दिवसाउजेडीही बाजूचं दिसेनासं होत गेलं, आणि दहावीपर्यंत छापील अक्षर पार हातचं गेलं. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ब्रेल जेमतेम येतं, कारण डोळे गेले तेव्हा तो साध्या शाळेत होता आणि तिथे ब्रेल शिकवणारं कोणी नव्हतं. दहावी-बारावी लेखनिक घेऊन पास झाला. बारावीला गणित ठेवलं होतं, मार्कही चांगले. सोबत मोबाइलवरचं सगळं बोलून दाखवणारा टॉकबॅक आणि नात्यातल्या कुणीतरी दिलेला जुना लॅपटॉप. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, जो इंटरनेट नसतानाही चालतो. आमच्याकडे ही गोष्ट छोटी नाही.

प्रवेश त्याला कोणी नाकारला नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर लेखी कोणी नाकारत नाही. फक्त खिडकीवरच्या बाबूपासून वरपर्यंत प्रत्येकाने त्याला समजावलं, की आर्ट्स घे. त्याने गणित आणि संगणकशास्त्रच घेतलं.

पहिल्या चाचणीत तो गणितात नापास झाला, माझ्या विषयात काठावर निघाला. स्टाफरूममध्ये निदान तयारच होतं: गणित हा डोळ्यांचा विषय, पोराला उगाच कष्ट. एक ज्येष्ठ सर गुलाबराव महाराजांचं उदाहरण देत होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, तरी केवढी ग्रंथरचना. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. सरांचं म्हणणं असं, की तसं काही दैवी असेल तरच निभतं. बोलण्यात आदर होता, पण मला तो आदर फार सोयीचा वाटला. कुणाला प्रज्ञाचक्षू ठरवलं, की त्याला नोट्स टाइप करून देण्याचं काम आपोआप आपल्या अंगावरून उतरतं. महाराजांनासुद्धा लोक ग्रंथ वाचून दाखवत, हा भाग त्या उदाहरणात येत नाही.

फाइलींची झडती

त्याच्या शेजारी बसून, दुसरा हेडफोन कानाला लावून, त्याला अभ्यासाला म्हणून जे जे मिळालं होतं ते सगळं ऐकायचं ठरवलं. हा या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी उद्योग ठरला.

ग्रुपवर येणारे फळ्याचे फोटो. त्यांच्यापुढे स्क्रीन रीडरचा आवाज पाठवणाऱ्याचं नाव सांगतो, वेळ सांगतो आणि म्हणतो, ‘फोटो’. संपलं. हाताने लिहिलेला फळा यंत्राला वाचायला लावून पाहिला. जे निघालं ते कोणत्याच भाषेतलं नव्हतं.

गणिताच्या पीडीएफमध्ये वाक्यं नीट ऐकू यायची, पण समीकरणं चित्र म्हणून चिकटवलेली. त्यामुळे कानावर पडायचं, ‘म्हणून’, आणि लगेच ‘हे सिद्ध झाले’. काय सिद्ध झालं ते मधल्या मध्ये गिळलेलं.

माझ्या विषयाच्या प्रॅक्टिकलची पुस्तिका पीडीएफ होती आणि त्यातून प्रोग्रॅम उचलला की ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गळून जायच्या. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे त्या मोकळ्या जागांवरूनच ठरतं. म्हणजे प्रोग्रॅम दिसायला पूर्ण, चालवायला मोडका.

आणि मराठीच्या नोट्स, पर्यावरणाच्या नोट्स, वेळापत्रक, सूचना हे सगळं कृतिदेवमध्ये. या जुन्या फाँटची गोष्ट जरा उलगडून सांगायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. कृतिदेवच्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडर आतलं वाचतो. ‘भारत’ असेल तिथे तो म्हणतो, ‘एच के के जे आर’. ‘गणित’ असेल तिथे ‘एक्स एफ डॉट के आर’. या मुलाने वर्षाचं वेळापत्रक अशा आवाजात ऐकून, कुठल्या अक्षरसमूहाचा कुठला विषय हे पाठ करून टाकलं होतं! हे ऐकल्यावर स्टाफरूममधलं ‘डोळ्यांचा विषय’ बंद झालं, निदान माझ्यासमोर.

झडतीतून एक गोष्ट उघड झाली. यातल्या जवळजवळ प्रत्येक चित्रामागे कुठेतरी एक मूळ फाइल होती, जिच्यात अर्थ शाबूत होता. समीकरणं वर्डमध्ये नीट मांडलेली होती, पीडीएफ करताना त्यांची चित्रं झाली. प्रोग्रॅम एका पेन ड्राइव्हवर साध्या मजकुराच्या रूपात होता. आपण दर वेळी त्याच्या हातात शेवटची, डोळ्यांसाठी सजवलेली प्रत ठेवत होतो.

पुण्याचा एक मुलगा

अंध संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांच्याबद्दल त्याला मीच सांगितलं. जन्म पुण्याचा, १९६५चा. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४ साली त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध म्हणून ‘एस्टर’ नावाची प्रणाली उभी केली, जी गणिताचं लिखाण बोलून दाखवायची. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा त्या वर्षीचा प्रबंधासाठीचा पुरस्कार त्या कामाला मिळाला. (एस्टर हे त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही नाव.) पुढे अडोबी, आयबीएम आणि २००५पासून गूगल.

पण मला पुरस्कारांपेक्षा एस्टरच्या आतली युक्ती त्याच्यापुढे ठेवायची होती. रामन यांनी छापलेल्या पानाला हातच लावला नाही. गणिताची बरीच पुस्तकं छापण्याआधी लेटेक नावाच्या पद्धतीने लिहिली जातात. त्यात अपूर्णांक कुठे सुरू झाला, अंश कुठे संपला, घात कशावर आहे, हे सगळं शब्दांत नोंदलेलं असतं. एस्टर ते मूळ लिखाण घ्यायचं, त्यातून समीकरणाची रचना झाडासारखी मांडायचं आणि मग त्या रचनेला आवाज द्यायचं. घात आला की आवाज वरच्या पट्टीत, खालची खूण आली की खालच्या. समीकरण फारच लांब असेल तर त्यातल्या एखाद्या मोठ्या तुकड्याला तात्पुरतं नाव द्यायचं, आधी सांगाडा ऐकवायचा, आणि तो तुकडा नंतर उघडून दाखवायचा. डोळे पानावर हेच करतात: आधी दुरून आकार, मग जवळून तपशील.

त्याला हे पटायला वेळ लागला नाही, कारण तो रोज उलटं भोगत होता. एकदा वर्गात ‘ए प्लस बी बाय सी प्लस डी’ असं ऐकून त्याने विचारलं, भागाकार कुठवर? प्रश्न रास्त होता. ए २, बी ६, सी ३ आणि डी १ धरा. कंस कुठे घालाल त्याप्रमाणे उत्तर २ येतं, ५ येतं, साडेतीन येतं किंवा ३ पूर्णांक २/३ येतं. वर्गात बाकीच्या सगळ्यांना फळ्यावर आडवी रेघ दिसत होती, म्हणून हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तो म्हणाला, “मॅडम, धुरा कुठी हाय थे सांगा, वावर मंग मी पाह्यतो.” (धुरा म्हणजे शेताचा बांध, वावर म्हणजे शेत.)

मग गणिताच्या सरांशी बोलून बोलण्याची एक शिस्त ठरली: ‘अपूर्णांक सुरू, अंश, छेद, अपूर्णांक बंद’, ‘मूळ सुरू, मूळ बंद’. सरांना पहिल्यांदा ते भजनासारखं वाटलं, हसले, पण करू लागले. गंमत म्हणजे वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाची रेघ नक्की कशाकशावर आहे, हे मागच्या बाकांवरच्या डोळस मुलांनाही तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं.

टाइप कोण करणार?

शिस्त ठरली, पण जुन्या नोट्सचं काय? सरांच्या वह्या वर्षानुवर्षांच्या, हाताने लिहिलेल्या. तासिकेवर राबणाऱ्या माणसाला वर घरी नेऊन टायपिंग करायला सांगणं मला जमणार नव्हतं आणि स्वतःही तेवढं करणं शक्य नव्हतं. शेवटी वर्गातल्याच पोरापोरींनी धडे वाटून घेतले. लेटेक शिकायला दोन-चार जणच तयार झाले. बाकीच्यांनी मोबाइलवर, साध्या मजकुरात, कंस पाळून टाइप केलं. चुका भरपूर झाल्या. त्या चुका तोच पकडायचा, कारण न जुळलेला कंस त्याच्या कानाला ताबडतोब खटकायचा. रामन आयआयटीत होते तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांची त्यांना मदत झाली होती. आमच्याकडेही योजनेच्या तासांत हे काम मोजायला परवानगी मिळाली. त्याने टाइप करणाऱ्यांचा आकडा वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही.

ग्रंथपालांना पुस्तकं स्कॅन करून देण्याची भीती वाटत होती, कॉपीराइटचं काय म्हणून. २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलंय. दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात प्रत करून देणं त्यात बसतं. कलम छापून टेबलावर ठेवलं, विषय मिटला.

आलेखांसाठी आधी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून पाहिली. ठीक होतं, पण प्रत्येक आलेखाला नवा पुठ्ठा. मग पुन्हा रामन उपयोगी पडले. आयआयटीतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांनी वक्ररेषा ऐकता येतील असा प्रोग्रॅम केला होता. विंडोजवरच्या पायथॉनमध्ये ठरावीक कंपनाचा ‘बीप’ काढण्याची सोय आधीच असते. वायची किंमत जितकी जास्त तितका आवाज उंच, एवढंच करायचं. हा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला, आणि लॅबमध्ये त्या दिवशी दुसरं काही शिकवता आलं नाही. पॅराबोला खाली उतरून पुन्हा चढला. साइन वळसे घेत गेली. एक भागिले एक्स लावल्यावर शून्याजवळ आवाज पार तळाला बुडाला आणि पलीकडून एकदम टिपेला उगवला. ‘इथे आलेख तुटतो’ हे वाक्य मी कितीदा तरी उच्चारलं असेल. तुटणं असं ऐकलं नव्हतं.

प्रोग्रॅम लिहिण्याची अडचण त्यामानाने पटकन सुटली. एनव्हीडीएमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सुरांतून कळवण्याची सोय आहे, जागा वाढली की सूर चढतो. ती सुरू केली आणि पायथॉन त्याच्या हातात आलं. एनव्हीडीए स्वतः मुख्यतः पायथॉनमध्येच लिहिलेला आहे आणि मायकेल करन व जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो २००६ साली सुरू केला, हे कळल्यावर तर त्याने त्याचा कोडच उतरवून घेतला. किती समजला ठाऊक नाही. पण आपण रोज जे ऐकतो ते आपल्यासारख्यानेच लिहिलंय, आणि ते उघडून पाहता येतं, याचा परिणाम झाला खरा.

परीक्षा

इथे आम्ही निम्मेच जिंकलो. केंद्र सरकारच्या तेव्हा लागू असलेल्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायची, आणि ब्रेल, संगणक, मोठी छपाई किंवा ध्वनिमुद्रण यांपैकी पद्धत निवडण्याची मुभाही शक्यतो द्यायची होती. पण त्याच सूचनांत असंही होतं, की परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खालचा हवा. नक्कल होऊ नये हा हेतू समजतो. गणितात त्याचा अर्थ असा व्हायचा, की इंटिग्रलची खूण कधीच न पाहिलेल्या माणसाकडून ती काढून घ्यायची. त्याचा लेखनिक बारावी आर्ट्सचा, त्याच्याच गावचा. दोघांनी ‘सुरू-बंद’ची ती शिस्त पाठ केली, खुणांचा एक कागद घरी गिरवला, तोंडी सराव केला. दुसऱ्या सत्रात गणित सुटलं. तरी तपासलेली उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा एका ठिकाणी घात खाली उतरलेला आणि एका ठिकाणी मुळाची रेघ आखूड निघाली. ते मार्क गेले.

लॅपटॉपवर उत्तरं लिहू द्या, असा अर्ज दोनदा झाला. अंतर्गत प्रॅक्टिकलला मान्य झालं, लेखी पेपरला नाही. कारण लेखी मिळालेलं नाही.

फाँट आणि पहिली कमाई

दरम्यान कृतिदेवचं भूत होतंच. युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर पुष्कळ आहेत. त्याने वापरले आणि वैतागला. त्यांचा निकाल वाचकांनी जुन्या वेबसाइटींवर पाहिलाच असेल: ‘विद्यार्थी’चा ‘विद्याथीर्’ होतो. कारण कृतिदेव दिसण्याच्या क्रमाने साठवतं आणि युनिकोड उच्चाराच्या. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, म्हणून कृतिदेवमध्ये आधी. उच्चार नंतर, म्हणून युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. बदलताना रफार काना-मात्रांवरून उडी मारून योग्य अक्षराआधी न्यावा लागतो, तसा नेला नाही की ‘थीर्’. उच्चाराचा क्रम कानाने जगणाऱ्याला सांगावा लागत नाही. हा भाग त्याने झपाट्याने लिहिला.

दुसरी खोट जास्त चिवट होती. मराठी मजकुरात मधेच आलेला इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर देवनागरीत फेकायचा आणि कचरा व्हायचा. इथे त्याला ते सापडलं, ज्याला मी या प्रकरणाचं मर्म मानते. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला, की कुठला तुकडा कुठल्या फाँटमध्ये होता ही माहिती मागे राहते. वर्डच्या मूळ फाइलीत प्रत्येक तुकड्यापाशी फाँटचं नाव नोंदलेलं असतं. मग पीडीएफ मागायचीच कशाला? बसस्टँडजवळच्या डीटीपीवाल्या भाऊंकडे जाऊन त्याने वर्डच्या फाइली मागितल्या, आणि कृतिदेव असं नाव असलेले तेवढेच तुकडे बदलणारा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी जागच्या जागी राहिलं.

भाऊंना त्यात वेगळाच फायदा दिसला. गिऱ्हाइकांच्या जुन्या फाइली त्यांना युनिकोडमध्ये हव्याच होत्या आणि पुन्हा टाइप करायला माणूस नव्हता. पानामागे पैसे ठरले. रक्कम मोठी नाही, पण त्याच्या घरी कॉम्प्युटरमधून आलेले ते पहिले पैसे.

बाबांचा जीव तरी भांड्यात पडलेला नाही. “कॉम्प्युटरनं पोट भरते काय, मॅडम? ब्यांकेत लागला तं बरं होईन.” त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना किमान ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. कोरडवाहू घराने तिकडे डोळे लावणं साहजिक आहे. मधे वेबसाइटी तपासण्याच्या ऑनलाइन कामाचीही चौकशी आली होती. वेबसाइट अंधांना वापरता येते का, हे डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांवर पाहून चुका कळवायच्या. काम प्रतिष्ठेचं आहे, घरबसल्या होतं. माझी शंका एवढीच, की अंध माणसाला संगणकक्षेत्रात पहिली खुर्ची तपासनिसाची मिळते आणि बरेचदा शेवटचीही तीच. रामन यांनी १९९५ साली इमॅक्सस्पीक हा संगणक बोलता करणारा प्रोग्रॅम लिहिला तो स्वतःला रोज काम करता यावं म्हणून. जपानच्या चिएको असाकावा यांचं वेबपानं वाचून दाखवणारं होम पेज रीडर १९९७ सालचं; त्याही चौदाव्या वर्षी अंध झालेल्या, आणि वेब त्यांनाच हवं होतं. आयआयटी आणि कॉर्नेलशी आमच्या लॅबची तुलना करण्यात अर्थ नाही, आमचे निम्मे संगणक उन्हाळ्यात बंद असतात. पण आपल्याला अडलेली गोष्ट आपणच उकलायची, ही सवय या मुलाला लागली आहे. ती तपासनिसाच्या खुर्चीत मोडू नये असं मला वाटतं. मी हे त्याला सांगितलं, निर्णय त्याचा आहे. त्याने बँकेचा फॉर्म भरला आणि वेबसाइटी तपासण्याच्या कामाला ‘डिग्री झाल्यावर’ असं उत्तर दिलं.

सध्या तो दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या प्रोग्रॅमला दोन गोष्टी अजून जमत नाहीत. एक, ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला र. जुन्या फाइलींत तो अनेकदा हिंदी धाटणीने लिहिलेला असतो, बदलल्यावर ‘शेतकर्यांना’ होतो, आणि ‘कार्य’सारख्या शब्दांपासून त्याला नियमाने वेगळं काढता येत नाही; त्यासाठी तो शब्दांची यादी जमवतोय. दुसरी, श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फाँटमधल्या फाइली. त्यांचा अक्षरांचा तक्ता पूर्ण वेगळा आहे, आणि भाऊंच्या कपाटात त्याच जास्त आहेत.